आधी वेलांटी की आधी क?

घर बदलण्याचा प्रसंग माझ्यावर आयुष्यात एकदाच आला, आणि परमेश्वराची कृपा असेल तर पुन्हा येणार नाही. १९८४ साली आम्ही नारायण पेठेतल्या वाड्यातल्या दोन खोल्या सोडून कोथरूडच्या फ्लॅटात आलो. टेम्पोच्या दोन खेपा ठरल्या होत्या, झाल्या पाच. कारण आईने एकूण ४१ रिकामे डबे बरोबर घेतले. पत्र्याचे, पितळेचे, झाकणाचे, बिनझाकणाचे, आणि एक तर तळ गेलेला. "यांत आहे तरी काय, आजी?" असं टेम्पोवाल्याने घाम पुसत विचारलं, तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "आत्ता काही नाही." त्या 'आत्ता'च्या भरवशावर ते डबे पुढची १९ वर्षं आमच्या माळ्यावर राहिले. येणाऱ्याजाणाऱ्यापुढे आम्ही त्यांची यथेच्छ थट्टा केली.

सांगायचा मुद्दा असा, की नवा लॅपटॉप घेणं म्हणजे टेम्पोशिवाय घर बदलणं असतं. हे ज्ञान मला २०२५च्या दिवाळीत, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी झालं.

वास्तविक जुन्या लॅपटॉपबद्दल माझी काही तक्रार नव्हती. अकरा वर्षांचा होता. वायर काढली की मूर्च्छा यायची, सुरू झाला की शेजारच्या वहिनींना वाटायचं आमच्याकडे चटणी वाटताहेत. पण या वयात ज्याची काहीच कुरकुर नाही असा माझ्या ओळखीत कोण आहे? अडचण निराळीच आली. त्याच्यात विंडोज १० होतं आणि त्याची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ला थांबणार, असं जाहीर झालं. पुढच्या ११ नंबरला सुरक्षेची एक विशिष्ट चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. आमच्या लॅपटॉपकडे दोन्ही नव्हतं. थोडक्यात, मुलगा दहावी झाला, पण अकरावीला प्रवेश मिळेना! आणखी एक वर्ष सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळवण्याची सोय होती म्हणे, म्हणजे एटीकेटी. पण अकरा वर्षांनंतर एटीकेटी घेऊन करायचं काय? घेतला नवा.

नवा लॅपटॉप विंडोजशिवायचा घेतला तर काही हजार वाचतात, हे दुकानदाराने सांगितलं आणि माझा भाचा पेनड्राइव्ह घेऊन हजर झाला. हा भाचा म्हणजे आमच्या अक्काचा धाकटा. तो कॉम्प्युटरमध्ये नक्की काय करतो हे मला कळत नाही आणि मी बँकेत नक्की काय करत होतो हे त्याला, त्यामुळे आमचं उत्तम जमतं.

"मामा, तुम्हाला लिनक्स देतो. उबुंटू. फुकट आहे."

फुकट म्हटल्याबरोबर माझ्यातला मध्यमवर्गीय माणूस दचकला. आपल्याकडे 'फुकट ते पौष्टिक' म्हणायचं आणि खाताना मात्र वास घेऊन बघायचा, अशी रीत आहे. तेव्हा भाच्याने मला इतिहास सांगितला. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या मुलाने या यंत्रणेचा गाभा लिहायला घेतला आणि तो लोकांपुढे उघडा ठेवला. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. त्यावर उभं राहिलेलं उबुंटू २००४ साली आलं. तो शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांमधला आणि त्याचा अर्थ साधारण 'माणुसकी', आपण आहोत म्हणून मी आहे, असा. हे ऐकून मला बरं वाटलं. ज्याच्या नावाचा अर्थ माणुसकी आहे असं काही मी बँकेत छत्तीस वर्षांत हाताळलं नव्हतं.

आता मी या क्षेत्रातला जाणकार झालो असल्यामुळे, नव्याने या वाटेला जाणाऱ्यांसाठी दोन अनुभवाचे बोल सांगतो.

पहिलं म्हणजे, एकदम बिऱ्हाड हलवू नये. उबुंटू पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. जोवर 'बसवा' म्हणत नाही, तोवर तुमच्या लॅपटॉपमधलं काही हलत नाही. "आधी चार दिवस राहून बघा, पाणी किती वेळ येतं ते पाहा, मग सामान आणा," असं भाचा म्हणाला. फ्लॅट घेताना मला हे कोणी सांगितलं असतं तर!

दुसरं म्हणजे, आपण रोज खरोखर काय करतो त्याची कागदावर यादी करावी. मला वाटत होतं माझी यादी दोन पानं होईल. झाल्या चार ओळी. टपाल बघणं, बँकेचं खातं बघणं, वर्तमानपत्रांना पत्रं लिहिणं आणि जुनी नाट्यगीतं ऐकणं. यातल्या एकाही गोष्टीला विंडोज लागत नाही. माणसाला आपल्या गरजा किती मोठ्या वाटतात आणि लिहून काढल्या की किती लहान होतात, यावर एखाद्या कीर्तनकाराने तासभर बोलावं.

तिसरं, इथे सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह शोधू नयेत. मी पहिले दोन दिवस हरवलेल्या मुलासारखा सी ड्राइव्ह शोधत होतो. "मामा, इथे सगळं एकाच मुळाखाली असतं," भाचा म्हणाला. सगळ्या विश्वाचं मूळ एकच, बाकीचे सगळे त्याचे फाटे. आद्य शंकराचार्यांना ही व्यवस्था पसंत पडली असती. त्या एका मुळाखाली तुमच्या नावाची एक जागा असते आणि ती 'होम' नावाच्या फोल्डरात असते. म्हणजे घर बदललंच होतं तर!

चौथं, इथे इंग्रजी मोठं अक्षर आणि लहान अक्षर यांत सोवळं-ओवळं पाळतात. मोठ्या 'पी'ने लिहिलेली 'पेन्शन' आणि लहान 'पी'ने लिहिलेली 'पेन्शन' या इथे दोन स्वतंत्र फायली असतात, एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. माझी पेन्शन तीन दिवस सापडत नव्हती. आमच्या हिला मी जेवताना एवढंच म्हटलं, "अगं, पेन्शन गेली," तर तिचा घास हातातच राहिला.

पाचवं मराठीचं. खिडकीचं चित्र असलेलं एक बटण लॅपटॉपवर असतं. आत खिडक्या नाहीत, पण दारावर जुन्या भाडेकरूची पाटी आहे, तसं समजावं. ते बटण आणि स्पेसबार एकदम दाबला की इंग्रजीची मराठी होते आणि पुन्हा दाबला की मराठीची इंग्रजी. नकळत दाबला गेला की काय होतं? मी बँकेचा पासवर्ड तीन वेळा शुद्ध मराठीत दिला आणि खातं चोवीस तासांसाठी बंद करून घेतलं. कीबोर्ड मात्र इनस्क्रिप्टच शिकावा. भारत सरकारने १९८६ साली तो ठरवला. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. तबल्यासारखा प्रकार आहे, आठ दिवसांत हात बसतो. आणि यात 'कि' लिहायचा तर आधी क दाबायचा, मग वेलांटी.

हे शेवटचं वाक्य तुम्हाला किरकोळ वाटलं असेल. मलाही वाटलं होतं.

सहाव्या दिवशी सामान हलवायला घेतलं. जुन्या लॅपटॉपमधून निघालेल्या ऐवजाची यादी मी इथे देत नाही, कारण ती देण्यासारखी नाही. 'नवीन फोल्डर' नावाचे १४ फोल्डर निघाले. पाणीपट्टीच्या पावत्यांचे फोटो, गॅसच्या पावत्यांचे फोटो, आणि एका फोटोत नुसताच माझा अंगठा. "हे सगळं नेणार?" भाच्याने विचारलं. "असू दे, लागेल," मी म्हटलं. आतून आमची ही म्हणाली, "सासूबाईंचा डबे नेण्याचा गुण आलाय हो!"

त्या ऐवजात तळाशी 'नाना' नावाचा फोल्डर होता.

नाना म्हणजे माझे वडील. जन्म १९३१चा. सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून लागले, टंकलेखक म्हणूनच १९८९ला निवृत्त झाले. मूळ प्रत आणि खाली कार्बनच्या तीन, असं काम. एक अक्षर चुकलं तरी खोडायचं नाही, चारही कागद काढून पान पहिल्यापासून, हा त्यांचा नियम होता. साहेबाचा नव्हे, स्वतःचा. २००४ साली मी घरी कॉम्प्युटर आणला तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. आई आदल्याच वर्षी गेली होती आणि ते नुसते बसून असत. मी त्यांना टाइपरायटरच्या धर्तीवर बटणं असलेला एक मराठी फॉन्ट घालून दिला. आठ दिवसांत त्यांची बोटं चालू लागली. तक्रार एकच होती. "अरे, ओळ संपली की घंटा वाजत नाही. माणसाला कळायचं कसं?" ओळ आपोआप खाली येते, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं. ते "हो हो" म्हणायचे आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारायचे.

सहा वर्षं ते आठवणी लिहीत होते. २०११ साली गेले. ती फाइल मी डेस्कटॉपवरून लॅपटॉपवर आणली, एका सीडीवर घेतली, एका पेनड्राइव्हवर घेतली. तीन ठिकाणी सांभाळली. वाचली मात्र नाही. वाचू की, कुठे पळून जातेय! असं म्हणता म्हणता चौदा वर्षं गेली.

नव्या लॅपटॉपवर भाच्याने ती उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, उद्गारचिन्हं, पौंडाची खूण आणि मध्येमध्ये डोक्यावर टिंब असलेली कुठल्यातरी युरोपातली अक्षरं. सव्वाशे पानं. जणू नानांना बोबडी वळली होती.

क्षर होत नाही, झिजत नाही ते अक्षर, असं शाळेत संस्कृतच्या सरांनी शिकवलं होतं. सरांनी कॉम्प्युटर पाहिला नव्हता.

भाच्याने समजावलं ते असं. जुने मराठी फॉन्ट ही एक सोंगाची युक्ती होती. कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठवलेली, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचे मुखवटे चढवायचा. फॉन्ट काढला की मुखवटा गेला. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे आपल्या क-ला स्वतःचा, जगात कुठेही न बदलणारा नंबर आहे. गंमत म्हणजे युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१चीच आणि तिच्यात देवनागरीला पहिल्यापासून १२८ घरं राखलेली आहेत. नाना लिहायला बसले तेव्हा ही घरं बांधून तेरा वर्षं झाली होती. आम्हीच जुन्या जागेत राहत होतो.

तेव्हा नवागतांना माझी सहावी सूचना, आणि ही मात्र विनोद बाजूला ठेवून. जुना लॅपटॉप पुसण्यापूर्वी त्यातले फॉन्ट आधी काढून घ्या. निदान महिनाभर जुन्यातलं काहीही पुसू नका. आणि प्रत्येक जुनी फाइल नव्या जागी उघडून बघा. नुसती नेऊ नका, उघडा.

आमचा फॉन्ट जुन्या लॅपटॉपमध्ये सापडला. तो नव्यात बसवल्यावर नाना पुन्हा मराठी बोलू लागले. पण तेवढ्याने भागेना. "मामा, हे तुमच्या लॅपटॉपवर दिसेल. आईच्या फोनवर पाठवलंत तर पुन्हा पौंडच दिसणार. एखादा शब्द शोधायला गेलात तर सापडणार नाही. पूर्ण युनिकोडमध्ये नेऊ." त्याने रूपांतराचा एक प्रोग्रॅम चालवला. सव्वाशे पानं पाच-सहा सेकंदांत मुखवटे टाकून खरी झाली.

जवळजवळ खरी. इथे तो वेलांटीचा प्रश्न आला. टाइपरायटरवर, आणि म्हणून त्या जुन्या फॉन्टमध्ये, 'कि' लिहिताना आधी वेलांटी मारायची, मग क. कारण डोळ्याला वेलांटी आधी दिसते. युनिकोड तोंडाने म्हणतो त्या क्रमाने चालतं. आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलट. 'धर्म' म्हणताना र म-च्या आधी येतो, पण टाइपरायटरवर तो मागाहून डोक्यावर ठेवायचा. म्हणजे नाना जन्मभर डोळ्याने लिहीत होते आणि नवी यंत्रणा कानाने. एकाकडून दुसरीकडे नेताना सव्वाशे पानांतली प्रत्येक पहिली वेलांटी उचलून मागे आणि प्रत्येक रफार उचलून पुढे ठेवावा लागतो. प्रोग्रॅमने बहुतेक ठेवले, काही हुकले. शिवाय आपला मराठी अर्धा ऱ त्याच्या गावीच नव्हता. १९७७ साली अक्काच्या लग्नात मांडवामागे आचाऱ्यांनी पाचशे लाडू वळले, असं नानांनी लिहिलं होतं. प्रोग्रॅमने ते आचार्यांना वळायला लावले.

"वाचून दुरुस्त करावं लागेल, मामा. एकेक ओळ. दुसरा इलाज नाही," असं म्हणून भाचा गेला. तेव्हा पडद्याच्या डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे नवा, असं मांडून मी बसलो. आणि चौदा वर्षं तीन ठिकाणी सांभाळलेली गोष्ट, केवळ वेलांट्या हुकल्या म्हणून, पहिल्यांदा वाचली.

बाविसाव्या पानावर पानशेतचा पूर होता. १२ जुलै १९६१. मी तीन वर्षांचा, अक्का सहाची. पुराबद्दल घरात कधी फारसं बोलणं होत नसे. नानांनी कचेरीतल्या टिपणासारखं कोरडं लिहिलं होतं. मला खांद्यावर घेऊन, अक्काचा हात धरून ते निघाले. आईने देव घेतले आणि आठवड्याचं पीठ भरलेला डबा घेतला. तो वाटेत तिच्या हातून सुटला. परत आले तेव्हा घरात चिखलाखेरीज काही उरलं नव्हतं. पुढच्या ओळी अशा होत्या. धरण गेल्यामुळे पुढे गावात पाणी मिळेना. टँकर आला की लोक भांडी घेऊन धावत. आमच्याकडे पाणी भरायला एक भांडं नव्हतं. ही शेजारणीकडे रिकामा डबा मागायला गेली. ती म्हणाली, आम्हालाच पुरत नाहीत. घरी येऊन ही रडली. पूर आला तेव्हा रडली नव्हती.

मी उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आई गेल्यावर ते ४१ डबे मी भंगारवाल्याला किलोवर घातले होते. तळ गेलेल्याचे वेगळे पैसे मिळणार नाहीत म्हणाला, त्याच्याशी हुज्जतही घातली होती.

आता तुम्ही म्हणाल, वाचलं असतं तरी डबे ठेवले असतेत का? नसतेच ठेवले. फ्लॅटात माळा केवढा असतो! पण थट्टा तरी केली नसती. सांभाळण्याचे दोन प्रकार असतात, असं मला त्या दिवशी वाटलं. एक सांभाळणं असतं ते गोष्ट हरवू नये म्हणून. दुसरं असतं ते ती बघावी लागू नये म्हणून. तीन ठिकाणी प्रती ठेवल्या की कर्तव्य केल्यासारखं वाटतं आणि झोप चांगली लागते. आईने रिकामे डबे सांभाळले, पण ते का सांभाळते हे तिला ठाऊक होतं. मी भरलेला डबा सांभाळला आणि झाकण उघडलं नाही.

दुरुस्तीचं काम महिनाभर चाललं. त्यात मला एक शास्त्रीय शोध लागला. यंत्र नेहमी तीच चूक करतं. त्याचा रफार हुकला तर तसाच हुकतो, त्याचे आचार्य सगळ्या लग्नांत लाडू वळतात. माणूस दर वेळी नवी चूक करतो. त्यामुळे चूक प्रोग्रॅमची की नानांची, हे डावीकडे न बघताही ओळखता येऊ लागलं. पहिल्या साठ पानांत नानांची चूक एकही नव्हती. एकही!

पासष्टाव्या पानाच्या पुढे त्या सुरू झाल्या. आधी एखादी. 'पाणी'चा काना राहिला. मग एकच अक्षर दोनदा. मग शेजारच्या बटणावर पडलेलं बोट. शंभराव्या पानापुढे ओळीच्या शेवटचा एंटर कधी दोनदा, कधी नाहीच. त्यांच्या मनातली घंटा चुकीच्या वेळी वाजू लागली होती.

तेव्हाचं मला सगळं लख्ख आठवलं. २०१० साल असावं. "अरे, या कीबोर्डात बिघाड आहे," नाना म्हणाले. मी लगेच तपकीर गल्लीत जाऊन साडेतीनशे रुपयांचा नवा कीबोर्ड आणला. दोन महिन्यांनी पुन्हा, "हाही बिघडला." पुन्हा आणला. तिसऱ्या वेळी मी बँकेतून दमून आलो होतो. "नाना, कीबोर्ड उत्तम आहे. दोन वेळा बदललाय," असं जरा चढ्या आवाजात म्हणालो. ते म्हणाले, "असेल." त्यानंतर त्यांनी कॉम्प्युटर उघडला नाही. मला वाटलं, कंटाळले. मला कीबोर्ड दिसत होता, मी कीबोर्ड बदलला. दिसतं ते आधी! आमच्या घरात ती टाइपरायटरची सवयच आहे.

आता प्रश्न असा पडला, की या चुकांचं करायचं काय? यंत्राच्या चुका काढल्या, त्यात पाप नव्हतं. पण नानांच्या?

भाच्याचं म्हणणं सरळ होतं. शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम लावू, एका दुपारचं काम. माझं मन घेईना. नानांचा हात थकत चालल्याची घरातली ही एकच नोंद होती आणि तीसुद्धा त्यांनी स्वतः, आपल्याला न कळत, टंकलेली. ती पुसून साफ करायची म्हणजे चढ्या आवाजात बोललेलं वाक्य पुन्हा एकदा म्हणण्यासारखं होतं. कीबोर्ड उत्तम आहे म्हणून!

पण आमच्या हिने दुसरी बाजू मांडली, आणि ती मला खोडता आली नाही. "एका अक्षरासाठी चार कागद फाडणारा माणूस. त्यांच्या चुका तुम्ही नातवंडांना दाखवणार? त्यांना विचारलं असतंत तर काय म्हणाले असते?" काय म्हणाले असते ते मला पक्कं ठाऊक होतं. सगळी पानं काढून पहिल्यापासून सुरुवात केली असती. मग मी चुका ठेवतोय त्या त्यांच्यासाठी की माझ्यासाठी? मेलेल्या माणसाची लाज राखायची, की त्याचं खरं राखायचं? नव्या घरी जाताना तळ गेलेला डबा न्यायचा की नाही? धर्मशास्त्रात यावर काही असेल तर मला माहीत नाही, आणि उबुंटूत तर नक्कीच नाही.

पंधरा दिवस मी दोन्ही बाजूंनी विचार केला. शेवटी मध्यमवर्गीय माणूस कुठल्याही नैतिक पेचातून जसा सुटतो तसाच सुटलो. दोन प्रती काढल्या. एक शुद्ध, नातवंडांसाठी, छापून बांधून घ्यायची. दुसरी नानांची, चुकांसकट, एंटरसकट, फक्त दोघांसाठी, अक्का आणि मी. पळवाट आहे, कबूल. पण कार्बन घालून जन्म काढलेल्या माणसाच्या मुलाला दोन प्रतींची लाज कशाला? लबाडी केली असेन तर ती एवढीच, की शुद्ध प्रत करताना मी चुका काढल्या आणि त्या कशा पडल्या ते कुठे लिहिलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

जुना लॅपटॉप अजून पुसलेला नाही. भाचा म्हणतो, त्याच्यातही उबुंटू घातलं तर आणखी चार-पाच वर्षं चालेल, आमच्या कामवाल्या मावशींच्या मुलीला कॉलेजात उपयोगी पडेल. द्यायचा ठरला आहे. देण्यापूर्वी मी ते १४ 'नवीन फोल्डर' एकेक उघडून पाहतो आहे. बारा झाले. बहुतेकांत काही नाही. म्हणजे आत्ता काही नाही.

दुसरी प्रत मी अक्काला फोनवर पाठवली. या खेपेला पौंडाची खूण दिसली नाही. तीन दिवसांनी तिचा फोन आला. आधी डब्यांबद्दल बोललो. मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग ती मोठ्या बहिणीच्या आवाजात म्हणाली, "बाकी सगळं ठीक आहे, पण शेवटी शेवटी काय रे हे? किती चुका ठेवल्यास! नाना असते तर तुला सोडलं नसतं."

मी म्हटलं, "अक्का, तेव्हा त्यांचा कीबोर्ड बिघडला होता."

"मग बदलून द्यायचास की नाही?"

"दिला होता. दोनदा."

अक्का जरा थांबली. मग म्हणाली, "थांब. चष्मा आणते. ते पासष्टपासून पुढचं मी परत वाचते."